फेअर केलेली कॅलेंडरं

स्वयंपाकघरात ओट्याच्या वर एक खिळा आहे. घर बांधलं तेव्हा मीच ठोकलेला. त्याला यंदाचं कॅलेंडर लटकतंय. किराणावाल्यानं फुकट दिलं, मी अडकवलं. महिना संपला की पान उलटायचं असतं, पण माझं राहून जातं. मग मी पंधरा-पंधरा दिवस मागच्याच महिन्यात राहतो. काही बिघडत नाही. चौकटी सगळ्या कोऱ्या आहेत. कोऱ्या चौकटीत कुठलाही महिना सारखाच.

शालन होती तेव्हा या खिळ्यावरची एक चौकट कोरी राहत नव्हती. शालन माझी बायको. तिला जाऊन दोन वर्षं झाली. ती चौथी शिकलेली, मी सातवी नापास. आमच्या घरात पत्रं नाहीत, डायरी नाही. तिनं स्वतःच्या हातानं लिहिलेलं जगात जे काही होतं ते या खिळ्यावरच्या कॅलेंडरांवर होतं, आणि ते मी घालवलं. चोरीला गेलं नाही, वाळवीनं खाल्लं नाही. मी घालवलं, आणि तेही लई मन लावून, चांगल्या अक्षरात. कसं ते सांगतो.

आधी तिची लिहिण्याची तऱ्हा सांगतो. खिळ्याला एक दोरा असायचा, दोऱ्याला पेन्सिलीचा तुकडा. भाकरी थापून झाल्या की ती हात पदराला पुसायची, पेन्सिलीचं टोक जिभेला लावायची आणि लिहायची. चौकट बोटाच्या पेराएवढी, त्यामुळं अक्षर मुंगीचं. गॅस लावला. ह्यांची दुसरी पाळी. बाळूचा दात पडला. नळ आला नाही. कुरडया, ऊन चांगलं. असं दोन-तीन शब्दांचं. पिठाच्या बोटांचे ठसे कागदावर उमटायचे. फोडणीचं तेल उडून कागद जागोजागी काचेसारखा आरपार व्हायचा, आणि उजेडात धरला की पलीकडच्या महिन्याचे आकडे दिसायचे. वर्ष संपलं की ती कॅलेंडर घडी घालून पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत ठेवायची, कडुलिंबाचा पाला घालून. मी एकदा म्हटलं, हा कचरा कशाला साठवतेस. म्हणाली, "असू द्या. खायला तर मागत नाहीत."

आम्ही राहतो ती रहाटणी तेव्हा म्हणजे कारखान्यांच्या पट्ट्याच्या कडेला ज्वारीची रानं आणि मधे मधे आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांची पत्र्याची घरं. आम्ही तुळजापूरकडचे. सकाळी भोंगे व्हायचे. एका कंपनीचा जाडा, एकाचा चिरका, एकाचा अर्ध्यातच दम लागल्यासारखा. शालनला भोंग्यावरून कंपनी ओळखू यायची. माझ्या कपड्यांना कुलंटचा, म्हणजे मशिन गार ठेवायच्या पाण्याचा वास, आंबूस आणि तेलकट. ते कपडे ती वेगळ्या बादलीत भिजवायची, तरी वास राहायचाच. सुट्टी गुरुवारची, कारण या पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांना गुरुवारीच सुट्टी. आमचा आठवडा गुरुवारी सुरू व्हायचा आणि गुरुवारी संपायचा. रविवार नावाचा वार शाळेच्या पोरांसाठी.

उन्हाळ्याच्या तोंडाला मी चाकणच्या बाजारातून कांद्याचं पोतं आणायचो. कंपनीच्या बसचा ड्रायव्हर ओळखीचा, मागच्या सीटखाली सरकवू द्यायचा. मग पंधरा दिवस घराला कांद्याचा वास. शालन कांदे माळ्यावर पसरायची, एकाला एक लागू नये असे. तिखट कुटायचे दिवस आले की घरांची सगळी लाइन खोकायची. मी तिसऱ्या पाळीहून येऊन सकाळी झोपलो की ती कुकर लावत नव्हती, शिट्टीनं मला जाग येईल म्हणून. डाळ पातेल्यात शिजवायची. तिला कितीक वेळ लागत असेल. मी कधी म्हटलं नाही की लाव कुकर. मला वाटायचं, डाळ अशीच शिजते.

तर ती पोरगी आली त्याला आता वर्ष होईल. प्राजक्ता तिचं नाव. माझ्याबरोबर कंपनीत ग्राइंडिंगच्या मशिनवर असलेल्या वाघमारेनं पाठवलेली. विद्यापीठात शिकते, मोठी पदवी करते. विषय विचारला तर म्हणाली, या औद्योगिक पट्ट्यातल्या बायकांचा इतिहास. मी म्हटलं, बायकांचा कसला इतिहास, त्या घरात होत्या. हसली. म्हणाली, सगळे हेच म्हणतात, आजोबा.

चहा पीत तिनं तिची रडकथा सांगितली. तिला म्हणे प्राथमिक साधनं पाहिजेत. मला प्राथमिक म्हणजे शाळा एवढंच माहीत. मग तिनं समजावलं. ज्या काळाचं सांगायचं त्याच काळातला कागद, त्याच माणसाच्या हातचा. मागून कुणी सांगितलेलं वेगळं. असा कागद शोधत ती दीड वर्ष फिरत होती. सरकारी दप्तरात गेली, तिथं कारखाने होते, बायका नव्हत्या. युनियनच्या जुन्या ऑफिसात गेली, तिथल्या फायली उंदरांनी खाल्लेल्या आणि उरल्या त्यात सगळी आमची, पुरुषांची नावं. बंद पडलेल्या कंपन्यांच्या वॉचमनना भेटली. ते म्हणाले कागद भंगारात गेले, मशिनींच्या आधी. घरोघर विचारलं तर बाया म्हणायच्या, आमच्याकडं कसले गं कागद, रेशनकार्ड हाय तेवढं बघ.

मी म्हटलं, आमच्याकडं कॅलेंडरं आहेत.

पेटी ओढून दाखवली. सतरा वर्षांची सतरा. तिनं वरचं एक उघडलं. बोट फिरवत होती चौकटींवरून, पण कागदाला लावत नव्हती. मग म्हणाली की तिला फोटो काढायचं मशिन आणावं लागेल, विद्यापीठात अर्ज करावा लागेल, दोनेक महिने जातील. तोवर, आजोबा, आहे तसं ठेवा. मी म्हटलं, तू काळजी करू नको.

आता माझी अक्कल बघा.

आमच्या कंपनीत प्रत्येक मशिनला एक रजिस्टर असायचं. जॉब किती झाले, मशिन किती वेळ बंद होतं, माप किती आलं, सगळं ऑपरेटरनं लिहायचं. ती रजिस्टरं कशी असणार? तेलानं माखलेली, अंगठ्यांचे ठसे, खाडाखोड. बाहेरून ऑडिटवाले यायचे असले की साहेब चार दिवस आधी सांगायचा, रजिस्टर फेअर करा. माझं अक्षर चांगलं, म्हणून ते काम माझ्याकडं. मशिनवरून सुटका, पंखा, दोनदा चहा. मी कोऱ्या रजिस्टरात सगळं सुंदर उतरवायचो, तांबड्या शाईनं रेघा मारायचो. नको ते गाळायचो. मशिन उगाच बंद राहिलं असेल तर ते लिहायचं नाही, हे सांगायची गरज नसायची. फेअर झालं की जुनं रजिस्टर भट्टीत. ऑडिटवाला पानं उलटायचा आणि मान डोलवायचा. साहेब माझ्या पाठीवर हात ठेवायचा. नोकरीत माझ्या पाठीवर हात पडला तो तेवढाच, आणि तेवढ्याचसाठी.

शालनच्या कॅलेंडरांचंही मी तेच केलं. विद्यापीठाची माणसं बघणार, आणि त्यात हळदीचे डाग, तेल, एकाला एक चिकटलेली पानं, 'दिवाळी'चं 'दीवाळि' केलेलं. मला तिची लाज वाटली असं नाही. तिची कुणी हसून गंमत करू नये असं वाटलं. जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर आणलं. निळा पेन, तांबडा पेन, पट्टी. रोज अंघोळ झाली की बसायचो.

ते दोन महिने माझे फार चांगले गेले, हे कबूल करतो. ती गेल्यापासून सकाळ अंगावर यायची, ती यायची थांबली. एक चौकट वाचायची, एक ओळ लिहायची. वाचता वाचता घर भरायचं. 'लिंबाचं लोणचं' असं वाचलं की बरणीच्या तोंडाला बांधलेलं पांढरं फडकं दिसायचं. 'ह्यांना ताप' वाचलं की कपाळावरची मिठाच्या पाण्याची पट्टी आठवायची आणि पट्टी बदलताना वाजणाऱ्या बांगड्या. 'बाळू मोशीला गेला' म्हणजे मुलगा वेगळा राहायला गेला तो दिवस. त्या दिवशी तिनं एवढंच लिहिलं होतं, आणि त्यानंतरच्या चार चौकटींत 'आज काही नाही'.

हे 'आज काही नाही' तिनं शेकडो वेळा लिहिलेलं. मी ते उतरवलं नाही. काही नाही तर लिहायचं कशाला? 'हे बोलत नाहीत, तिसरा दिवस' असं दोन-चार ठिकाणी होतं. तेही गाळलं. घरातली गोष्ट. शुद्धलेखन जमेल तितकं सुधारलं.

आणि टिकल्या होत्या. कपाळाला लावायच्या टिकल्या. बाया आरशाला चिकटवतात तशा हिनं कॅलेंडरच्या चौकटींत चिकटवलेल्या, तांबड्या आणि हिरव्या. कुठं एक, कुठं दोन शेजारी शेजारी. पानं चिकटली होती ती त्यांच्याच डिंकानं. मला वाटलं, असेल बायकांचा काही उपास-तापास, किंवा काढून ठेवायला जागा नसेल. जिथं पानं चिकटली होती तिथल्या मी नखानं खरवडून काढल्या. बाकीच्या राहू दिल्या. रजिस्टरात त्यांचं काय लिहिणार? ते काही अक्षर नव्हतं.

फेअर झालं. शेवटच्या पानाखाली दोन रेघा ओढल्या. कॅलेंडरं सुतळीनं बांधली आणि सलीमभाईच्या रद्दीच्या दुकानात टाकून आलो. सलीमभाई काळेवाडीच्या रस्त्याला बसतो. तीस वर्षांची ओळख, आधी आमच्याच लाइनला राहायचा. तराजूत बांधलेलं बंडल ठेवून मी मागं वळलोसुद्धा नाही.

प्राजक्ता आली मशिन घेऊन. मी रजिस्टर पुढं ठेवलं. तिनं पहिलं पान बघितलं, मग मधलं, मग शेवटचं. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो, मान डोलवते का. तिनं विचारलं, कॅलेंडरं कुठं आहेत. मी सांगितलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं चष्मा काढून पुसला, परत घातला. खालच्या आवाजात सांगत राहिली. की पेन्सिल कुठं दाबून लिहिली, कुठं हलकी, त्यातून कळतं. की डाग कशाचा आहे त्यावरून कळतं की बाई कुठं उभी राहून लिहीत होती. की चुकीचं लिहिलेलं तिला जास्त हवं होतं, कारण शालन तसं बोलत होती. मग म्हणाली, "हे रजिस्टर पण साधनच आहे, आजोबा. पण ते तुमचं. आजींचं नाही."

मला राग आला. तिचा नाही. कुणाचा ते सांगता येत नाही. मी चपला घातल्या.

सलीमभाई आम्हा दोघांना बघून हसायलाच लागला. म्हणाला, "चाळीस वर्षं धंदा केला राव, पण दिलेली रद्दी परत मागायला मास्तरीण घेऊन आलेलं गिऱ्हाईक पहिलंच." मग माझ्या तोंडाकडं बघून हसायचा थांबला. मालाचा टेम्पो आठवड्यापूर्वीच गेला होता. कागद गिरणीत जातो, लगदा होतो, पुठ्ठा होतो. तो आता कुठल्या बुटाच्या खोक्यात असेल ते देव जाणे, म्हणाला. तरी पोरगी दुकानाच्या मागच्या ढिगाऱ्यात शिरली. जुन्या कागदाचा वास माहीत आहे का? गोड असतो, भिजून वाळलेल्या खारकेसारखा. मी दारात उभा राहून तो वास घेत राहिलो.

दुपारची वेळ होती. सलीमभाईची बायको, हसीनाभाभी, डबा घेऊन आली. आम्ही काय शोधतोय ते ऐकलं आणि डबा टेबलावर ठेवून उभीच राहिली. म्हणाली, एक माझ्याकडं आहे.

घर दुकानाच्या वरच. तिनं वरून कॅलेंडर आणलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेलं. म्हणाली, बंडल आलं त्या दिवशी वरचंच कॅलेंडर उघडं पडलं होतं, त्यावर हिरव्या टिकल्या दिसल्या, म्हणून ओढून घेतलं. बाकीची घ्यायला दुसऱ्या दिवशी खाली आली तोवर टेम्पो भरलेला.

प्राजक्तानं विचारलं, हिरव्या टिकल्या म्हणजे काय.

हसीनाभाभी माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "हिरवी माझी, भाऊजी. लाल शालनताईची. हजेरी हाय ती."

मग तिनं जे सांगितलं ते उभ्यानंच सांगितलं, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. तळवड्याला एक पत्र्याची शेड होती. तिथं गाड्यांचे रबरी वॉशर यायचे, साच्यातून निघालेले, कडेला जादा रबर लोंबत असलेले. तो जादा रबर कात्रीनं कापायचा. सगळ्या बायाच, पंधरा-सोळा. ठेकेदार हजेरीत लबाडी करायचा, पाच दिवस गेलं की चारच मांडायचा. हसीनाभाभीला लिहिता येत नव्हतं. शालन म्हणाली, मी ठेवते दोघींची. कॅलेंडरवर शब्द लिहिला असता तर मी वाचला असता. टिकली कोण वाचतंय.

मी कॅलेंडर हातात घेतलं. एक आठवडा तांबड्या-हिरव्या जोड्या. मग दोन आठवडे नुसती हिरवी. मग परत जोड्या. पोरीला ते लगेच कळलं नाही. मला कळलं, कारण शेजारी पेन्सिलीनं माझ्या पाळ्या लिहिलेल्या होत्या. माझी पहिली पाळी असेल त्या आठवड्यात तिची तांबडी टिकली. दुसऱ्या-तिसऱ्या पाळीला मी सकाळचा घरात, तेव्हा हसीनाभाभी एकटीच जायची. माझ्या पाळीच्या पाठीमागून तिची पाळी चालली होती. वर्षानुवर्षं. मी तीन वाजता सुटून घरी यायचो तेव्हा ती अंगण झाडत असायची, पातेल्यात चहा उकळत असायचा.

तिच्या हातांना वास यायचा. जळक्या रबराचा, उग्र. मी विचारलं होतं एकदा. म्हणाली, गॅसची नळी जुनी झालीय. मी नळी बदलून आणली. वास राहिला. मी परत विचारलं नाही. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी तिला एक घट्टा होता, कात्रीचा. मला वाटायचं विळीचा असेल. विळीनं घट्टा तिथं पडत नाही, हे चाळीस वर्षं हत्यारं हाताळणाऱ्या माणसाला कळायला पाहिजे होतं.

"तुमी नको म्हनला होता ना," हसीनाभाभी म्हणाली. साधंच म्हणाली, टोचून नाही.

म्हटलं होतं. लग्नानंतर चारेक वर्षांनी तिनं विचारलं होतं, लाइनीतल्या बाया जातात, मी पण जाऊ का. माझे दोन्ही भाऊ गावाकडून आलेले, जेवायला बसलेले. मी त्यांच्यापुढं म्हटलं, माझ्या घरातली बाई कंपनीच्या गेटवर उभी राहणार नाही. तिनं मला अजून एक भाकरी वाढली. विषय संपला. मला वाटलं संपला.

हसीनाभाभी मग पोरीशी बोलायला लागली आणि मी ऐकत राहिलो. शालनचा हात सगळ्यांत चलाख. ती कापायची तेव्हा रबराची रिंग अखंड निघायची, आणि ती रिंग ती शेजारणीच्या बोटात घालायची, म्हणायची, घे, साखरपुडा झाला तुझा. ठेकेदाराच्या चालण्याची नक्कल करायची. एकदा तो मागंच उभा होता आणि ही पुढं चालतीच आहे, पोट पुढं काढून. सगळ्या बाया गार. हिनं वळून बघितलं आणि तशीच चालत त्याच्या शेजारून पाण्याला गेली. भाभी सांगता सांगता इतकी हसली की तिला बसावं लागलं. पोरगी पण हसली. सलीमभाईला ही गोष्ट माहीत होती, त्यालाही हसू आलं. त्या दुकानात मी एकटाच असा होतो की ज्यानं शालनला नक्कल करताना कधी बघितलं नव्हतं.

निघताना मी कॅलेंडर मागितलं. हसीनाभाभीनं ते परत पिशवीत घातलं. म्हणाली, पोरीला फोटो काढू द्या, कितीबी काढू द्या. पण हे माझ्याकडंच राहील. "तुमच्याकडं दिलं तर पुन्हा फेअर कराल, भाऊजी. आणि अर्धी हजेरी माझी हाय." मी पुढं केलेला हात मागं घेतला. ती खरं बोलत होती.

पुढच्या गुरुवारी मी तळवड्याला गेलो. गुरुवारच निघाला हातून, सवय. भाभीनं खूण सांगितली होती, चौकातून आत, चिंचेच्या झाडाच्या पलीकडं. चिंच नाही. शेडच्या जागी काचेची इमारत आहे, गळ्यात पट्टे अडकवलेली पोरं-पोरी आत-बाहेर करतात. गेटवर एक बाई उभी होती, निळ्या ड्रेसमधली, सिक्युरिटीची. तिनं विचारलं, कुणाला भेटायचंय, काका. मी म्हटलं, कुणाला नाही. म्हणाली, मग सावलीला तरी उभे राहा. मी सावलीला उभा राहिलो. इथं कुठंतरी पाण्याचा नळ असणार, जिथं ती पोट पुढं काढून चालत गेली. मी चाकणकडून येणाऱ्या ट्रकांचा आवाज ऐकला, रस्त्याकडेच्या गाडीवरच्या वड्यांचा वास घेतला. रबराचा वास काही येईना. मी नाकानं ओढून बघितला. एवढा वास माझ्या घरात होता आणि आता तो आणायला कुठं जाऊ?

चालत चालत घरी आलो. रहाटणीच्या पुलापाशी पाय दुखले तेव्हा मनात आलं, ती पण चालतच येत असेल. दोघी. मी सुटायच्या आधी पोचायचं म्हणून भराभरा.

परवा प्राजक्ता शेवटची आली. फोटो झाले होते, हसीनाभाभीचं बोलणं तिनं मशिनमध्ये भरून घेतलं होतं. आता एक छापील कागद भरायचा होता. प्रत्येक साधनाबरोबर तो लावावा लागतो म्हणे, की हे कुणाचं, ती व्यक्ती कोण, म्हणजे पुढं पन्नास वर्षांनी कुणी उघडलं तर त्याला कळावं. ती विचारत होती, मी सांगत होतो. नाव. मी शालन सांगितलं, तिनं माहेरचं विचारलं, तेही सांगितलं. गाव. शिक्षण, चौथी.

मग व्यवसाय.

रेशनकार्डावर तिच्या नावापुढं गृहिणी आहे. मतदार यादीत तेच. तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर मी स्वतः खिडकीत उभा राहून तेच सांगितलं, आणि कारकुनानं मान वर न करता लिहून घेतलं. पोरीनं पेन टेकवलेला तसाच धरला होता. मी म्हटलं, कामगार. तिनं लिहिलं.

पुढचा रकाना होता, काम कधी सुरू केलं. मी भाभीचं नाव घेतलं, तिला माहीत असेल. पोरगी म्हणाली, विचारलं त्यांना. त्या म्हणतात, मी लागले तेव्हा शालनताई आधीपासून तिथं होती. मी बाळूला फोन लावला. त्याला शेडच माहीत नव्हती.

मी म्हटलं, मोकळं सोड. ती म्हणाली, मोकळं सोडता येत नाही, आजोबा. माहिती नसेल तर का नाही ते लिहावं लागतं. कागद गहाळ झाले, साक्षीदार हयात नाही, असं काहीतरी. काय लिहू?

कागद गहाळ झाले म्हटलं असतं तर खोटं नव्हतं. तिनंही ते लिहिलं असतं आणि माझ्यावर मेहेरबानी केली असती. ओट्यावर चहाचं पातेलं तापत होतं, एकाच्या मापाचं नाही, दोघांच्या.

"लिही," मी म्हटलं. "नवऱ्यानं कधी विचारलं नाही."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तिनं सावकाश लिहिलं आणि कागद माझ्याकडं फिरवला. मी ती ओळ दोनदा वाचली आणि तिच्या खाली सही केली.